कमी चाललेली गाडी आणि लांब उतार : ब्रेक निकामी होण्याच्या एका प्रकरणाचा अभ्यास

सात वर्षे जुन्या, पण फारशा न चाललेल्या एका मोटारगाडीचे ब्रेक लांब डोंगरउतारावर निकामी झाले आणि काही तासांनंतर गॅरेजमध्ये तपासणी झाली तेव्हा तेच ब्रेक व्यवस्थित काम करताना आढळले. गाडीचा कोणताही भाग तुटलेला नव्हता, कुठूनही गळती होत नव्हती, डॅशबोर्डवर इशाऱ्याचा एकही दिवा लागला नव्हता आणि चालक अनेक वर्षांचा अनुभवी होता. असे असूनही पाच माणसे थोडक्यात वाचली. अशा प्रसंगानंतर ‘चालक घाबरला असेल’ असे म्हणून विषय मिटवण्याकडे कल असतो, आणि या प्रकरणातही सुरुवातीला तसेच झाले. म्हणून घटनेचा क्रम, दोन्ही तपासण्या आणि त्यांतून निघालेली कारणे येथे सविस्तर मांडली आहेत. गाडीच्या मालकाची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

गाडी आणि तिची निगा

गाडी साध्या बनावटीची, पेट्रोलवर चालणारी आणि हाताने गिअर बदलण्याची होती. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक, मागच्या चाकांना ड्रम ब्रेक आणि दोन आसनांच्या मध्ये ओढायचा हँडब्रेक, अशी तिची सर्वसामान्य रचना होती. मालक गाडीची मनापासून काळजी घेत असत. गाडी छताखाली उभी असे, वेळच्या वेळी धुतली जात असे, इंजिन ऑइल आणि फिल्टर दरवर्षी बदलले जात. वापर मात्र शहरातल्या छोट्या फेऱ्यांपुरताच होता आणि कित्येकदा ती आठवडा-आठवडा जागची हलत नसे. त्यामुळे सात वर्षांत गाडीने जेमतेम दोन-अडीच वर्षांच्या नेहमीच्या वापराइतकेच अंतर कापले होते, आणि मालकांच्या हिशेबी गाडीचे वयही तेवढेच होते.

या प्रकरणाचे मूळ या हिशेबात आहे, असे माझे मत आहे. टायरची नक्षी, ब्रेकचे पॅड, क्लचची प्लेट हे भाग धावण्याने झिजतात, हे खरे. पण ब्रेक ऑइल, टायरचे रबर, बॅटरी आणि रबरी नळ्या या गोष्टी काळाने उतरतात, मग गाडी चालो वा न चालो. काही बाबतींत तर उभी राहणारी गाडी अधिक लवकर बिघडते, कारण हलणारे सांधे न हलल्याने गंजून धरतात. ओडोमीटरवरचा लहान आकडा पाहून वाटणारा दिलासा म्हणूनच अर्धवट असतो. सर्व्हिसच्या नोंदवहीत या गाडीच्या ब्रेक ऑइलपुढे (पेडलचा जोर चाकांपर्यंत नेणाऱ्या द्रवापुढे) एकदाच नोंद सापडली, आणि ती बदलल्याची नव्हती, तर पातळी कमी दिसल्याने थोडे वरून घातल्याची होती.

घटना कशी घडली

सुट्टीच्या दिवशी कुटुंबातील पाच जण सामानासह थंड हवेच्या एका उंच ठिकाणाहून खाली उतरत होते. माणसे आणि सामान धरून गाडीचे एकूण वजन सुमारे १५०० किलोग्रॅम होते. रस्ता जवळजवळ सलग उताराचा आणि वळणांचा होता. इंधन वाचावे म्हणून चालकाने बराच वेळ गाडी न्यूट्रलवर सोडली होती आणि वेग आवरण्यासाठी ब्रेकच्या पेडलवर पाय हलका ठेवून दिला होता. वेग जास्त नव्हता. मागे बसलेल्यांपैकी एकीला जळकट वास आला. तो पुढच्या ट्रकचा असावा, असे सर्वांनी गृहीत धरले.

सुमारे दोन तृतीयांश उतार संपल्यावर दृश्य पाहण्यासाठी गाडी कडेला थांबवली गेली. थांबा दहा-बारा मिनिटांचा होता. पुन्हा निघताना पेडल नेहमीपेक्षा थोडे मऊ लागल्याचे चालकाला जाणवले, पण गाडी थांबत होती, म्हणून त्यांनी तिकडे लक्ष दिले नाही. त्यानंतरच्या दुसऱ्या की तिसऱ्या वळणाआधी पेडल दाबले, तेव्हा ते विरोध न करता थेट तळापर्यंत गेले आणि गाडीचा वेग कमी होण्याऐवजी वाढू लागला.

चालकाने पेडल भराभर दाबून सोडायला सुरुवात केली. चार-पाच दाबांनंतर पेडलला किंचित जोर आला. तेवढ्यात त्यांनी गाडी तिसऱ्या आणि मग दुसऱ्या गिअरमध्ये घातली, हँडब्रेक टप्प्याटप्प्याने वर ओढला आणि समोरचे वळण घेतल्यावर गाडी डोंगराच्या बाजूच्या मातीच्या कठड्याला घासत नेऊन थांबवली. पुढच्या बाजूचा पत्रा आणि एक रिम वाकली. कोणालाही गंभीर इजा झाली नाही.

पहिली तपासणी आणि तिचा चुकलेला निष्कर्ष

गाडी ओढून गॅरेजमध्ये नेईपर्यंत संध्याकाळ झाली होती. मेकॅनिकने पेडल दाबले, तर ते नेहमीच्या उंचीवर घट्ट लागले. टाकीतील ब्रेक ऑइलची पातळी खालच्या आणि वरच्या खुणेच्या मध्ये होती. चारही चाकांच्या आतल्या बाजूला ओल नव्हती. पॅड निम्म्याहून अधिक शिल्लक होते. आवारात गाडी चालवून पाहिली, तेव्हा ब्रेक सरळ आणि चांगले लागले. ब्रेकमध्ये दोष नाही, चालकाचा पाय घसरला असावा किंवा गडबडीत क्लच दाबला गेला असावा, असा निष्कर्ष काढण्यात आला.

यातले प्रत्येक निरीक्षण बरोबर होते. चूक एवढीच झाली की ज्या अवस्थेत दोष प्रकट झाला, त्या अवस्थेत ब्रेक तपासलेच गेले नाहीत. थंड गाडीत हा दोष दिसूच शकत नाही. उष्णतेने आलेला दोष उष्णता गेली की नाहीसा होतो, आणि मग चालकाच्या सांगण्यावर कोणाचा विश्वास बसत नाही. या चालकाने मात्र आपले म्हणणे सोडले नाही आणि दुसरीकडे तपासणी करून घेण्याचा आग्रह धरला. तो आग्रह नसता, तर केवळ पत्रा सरळ होऊन गाडी पुन्हा त्याच ब्रेक ऑइलवर रस्त्यावर आली असती.

दुसरी तपासणी

दुसऱ्या गॅरेजमध्ये टाकीतून ऑइलचा नमुना काढून त्याचा उत्कलनबिंदू मोजला गेला. टाकीच्या झाकणावर डॉट ४ असा ब्रेक ऑइलचा वर्ग लिहिलेला होता. या वर्गाच्या नव्या, कोरड्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो आणि त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मुरल्यावरही तो किमान १५५ अंश राहिला पाहिजे, असे मानक आहे. डॉट ३ साठी हेच आकडे २०५ आणि १४० अंश आहेत, तर डॉट ५.१ साठी २६० आणि १८० अंश आहेत. या गाडीतील ऑइल १५५ अंशांच्या मर्यादेच्याही खाली उकळत होते. शिवाय टाकीतील ऑइल हा तुलनेने बरा नमुना असतो. चाकाजवळच्या कॅलिपरमधील (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागातील) ऑइल ब्लीडर (द्रव बाहेर काढण्याचा स्क्रू) उघडून काढले, तेव्हा ते काळपट आणि गढूळ निघाले.

चाके उतरवल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. पुढच्या एका चाकाच्या कॅलिपरच्या सरकत्या पिना गंजून धरल्या होत्या. पेडल सोडल्यावर पॅडने डिस्कपासून मोकळे व्हायला हवे. त्या चाकावर ते होत नव्हते. डिस्कवर निळसर छटा आली होती आणि त्या बाजूच्या पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत झाला होता. हँडब्रेकची केबल सैल असल्याने दांडा बऱ्याच वर आल्यानंतरच पकड सुरू होत होती.

उष्णता किती आणि ती जाते कुठे

पहिल्या निष्कर्षावर विसंबून राहणे किती धोक्याचे होते, हे समजण्यासाठी थोडा हिशेब करावा लागेल. ७०० मीटर उंचीवरून १५०० किलोग्रॅम वजनाची गाडी स्थिर वेगाने खाली आणायची, तर सुमारे १०.३ मेगाज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. ही ऊर्जा साधारण ३० लिटर पाणी २० अंशांवरून उकळीपर्यंत नेण्याएवढी आहे. हवेचा विरोध आणि टायरचे घर्षण यांत तिचा थोडा भाग जातो. उरलेली ऊर्जा एक तर इंजिन शोषून घेते किंवा ब्रेक. गाडी न्यूट्रलवर असेल, तर इंजिनाचा वाटा शून्य होतो आणि सगळे ओझे काही किलो वजनाच्या डिस्क आणि ड्रमवर पडते, त्यातही अधिक भाग पुढच्या चाकांवर.

वेगाचा परिणामही याच हिशेबात दिसतो. सहा टक्के उताराच्या रस्त्यावरून हेच वजन ताशी ४० किलोमीटर वेगाने उतरताना जवळजवळ १० किलोवॉट इतक्या गतीने ऊर्जा जिरवावी लागते. ताशी ६० किलोमीटर वेगाला तोच आकडा सुमारे १५ किलोवॉट होतो. एकूण उष्णता तेवढीच राहते, पण ती कमी वेळात निर्माण होते आणि हवेला ती वाहून नेण्यासाठी मिळणारा अवधी घटतो. या गाडीत गंजलेल्या पिनांमुळे एक चाक पाय उचललेला असतानाही घासत होते, म्हणजे त्या चाकाला थंड व्हायला उसंतच मिळाली नाही.

इंधन वाचवण्याचा समज येथे तपासून पाहणे आवश्यक आहे, कारण तो फार पसरलेला आहे. फ्युएल इंजेक्शन असलेल्या आजच्या बहुतेक गाड्यांत गिअर घातलेला असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला आणि चाके इंजिनाला फिरवत असली, की इंजिनाला जाणारे इंधन बंद केले जाते. न्यूट्रलवर मात्र इंजिन स्वतःच्या बळावर फिरत राहण्यासाठी इंधन घेतच राहते. म्हणजे ज्या उतारावर गाडी ब्रेकने आवरावी लागते, तेथे न्यूट्रलमुळे इंधन वाचत नाहीच, उलट थोडे अधिक जाते. या चालकाने अनेक वर्षे ज्या सवयीला काटकसर मानले होते, ती काटकसर नव्हती, हे त्यांना सांगताना मला वाईट वाटले. परंतु ते सांगणे भाग होते.

ब्रेक ऑइल जुने होते म्हणजे काय होते

गॅरेजमध्ये ज्याला सर्रास ब्रेक ऑइल म्हटले जाते, तो द्रव इंजिन ऑइलच्या जातीचा नाही. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ ही ग्लायकॉल वर्गातील रसायनांपासून केलेली मिश्रणे असून ती हवेतील ओलावा शोषून घेतात. टाकीच्या झाकणातून आणि रबरी नळ्यांच्या भिंतींतून हा ओलावा हळूहळू आत येतो. त्याचा वेग हवेतील दमटपणावर आणि काळावर अवलंबून असतो. गाडी किती धावली याच्याशी त्याचा फारसा संबंध नसतो. थोड्याशा पाण्यानेही उत्कलनबिंदू बराच खाली येतो.

इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यासारखा हा द्रव फिरत नाही, ही गोष्ट फार थोड्या चालकांना माहीत असते. पेडल दाबल्यावर तो नळीत कणभर पुढे सरकतो आणि सोडल्यावर तेवढाच मागे येतो. त्यामुळे कॅलिपरच्या पिस्टनमागचा द्रव वर्षानुवर्षे तोच राहतो आणि सर्वाधिक उष्णताही त्यालाच सोसावी लागते. वरून नवे ऑइल घातल्याने पातळी दिसायला बरी होते, पण पिस्टनमागच्या या द्रवात काहीच फरक पडत नाही. पॅड झिजल्याने पातळी खाली गेलेली असेल, तर वरून घातलेले ऑइल झिजेची ती खूणही झाकून टाकते. या गाडीच्या नोंदवहीतली ती एकमेव नोंद म्हणूनच मालकांना खोटा दिलासा देऊन गेली.

द्रव दाबला जात नाही, म्हणून पायाचा जोर जसाच्या तसा चाकापर्यंत पोहोचतो. वाफ मात्र दाबली जाते. द्रव उकळून नळीत वाफेचे बुडबुडे तयार झाले, की पायाचा सगळा जोर ते बुडबुडे आकुंचित करण्यातच खर्च होतो आणि पेडल तळाला टेकते. भराभर दाबल्यावर मास्टर सिलिंडर (पेडलने चालणारा पंप) टाकीतून आणखी द्रव पुढे ढकलतो, बुडबुडे काहीसे दबतात आणि थोडा जोर परत मिळतो. चालकाला चार-पाच दाबांनंतर जाणवलेला विरोध हाच होता. गाडी थंड झाल्यावर वाफेचे पुन्हा द्रवात रूपांतर होते. संध्याकाळी पेडल घट्ट लागले ते त्यामुळे.

आजच्या गाड्यांत ब्रेकची नळ्यांची व्यवस्था दोन स्वतंत्र भागांत विभागलेली असते, जेणेकरून एका भागात गळती झाली तरी दुसरा काम करील. गळतीसाठी ही योजना उत्तम आहे. परंतु दोन्ही भागांत तेच जुने ऑइल असेल, तर उष्णतेपुढे दोन्ही एकाच वेळी हार मानतात. डॅशबोर्डवरचा दिवाही बहुतेक गाड्यांत केवळ टाकीतील पातळी पाहतो. द्रवाचे वय किंवा त्यातले पाणी त्याला कळत नाही. एबीएसचे काम चाक घसरू न देण्याचे आहे, नळीत दाबच तयार होत नसेल तर तेही हतबल ठरते.

थांबल्यावर धोका का वाढला

उतरताना ब्रेक लागत होते आणि विश्रांतीनंतर ते गेले, याचे मालकांना सर्वाधिक आश्चर्य वाटले. माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत शिकण्यासारखा भाग हाच आहे. गाडी चालू असताना डिस्कवरून सतत हवा वाहत असते आणि उष्णतेचा मोठा भाग ती घेऊन जाते. गाडी थांबली की हवेचा हा प्रवाह बंद पडतो. तापलेल्या डिस्क आणि पॅडमधली उष्णता मग पिस्टनमार्गे द्रवाकडे सरकते, आणि डिस्क निवू लागलेली असतानाही द्रवाचे तापमान काही काळ वाढतच राहते. दहा-बारा मिनिटांचा थांबा ब्रेक निवण्यासाठी अपुरा आणि द्रव उकळण्यासाठी पुरेसा ठरला. निघताना मऊ लागलेले पेडल हा शेवटचा आणि स्पष्ट इशारा होता.

यावरून उतारावर थांबूच नये असा अर्थ कोणी काढू नये. जळका वास आला, धूर दिसला किंवा पेडल मऊ झाले, तर सुरक्षित जागी थांबलेच पाहिजे. पण मग तो थांबा चांगला अर्ध्या-पाऊण तासाचा, किंवा गरज वाटल्यास त्याहून मोठा असावा, आणि निघण्यापूर्वी उभ्या गाडीत पेडल जोराने दाबून काही सेकंद धरून पाहावे. ते हळूहळू खाली सरकत असेल किंवा स्पंजासारखे लागत असेल, तर गाडी पुढे नेऊ नये. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतणे हा मोह टाळावा, कारण एकदम थंड झाल्याने तिला तडा जाऊ शकतो किंवा ती वाकू शकते. ब्रेक फार तापलेले असताना पेडल दाबून धरण्याऐवजी किंवा हँडब्रेक घट्ट ओढून ठेवण्याऐवजी, शक्यतो सपाट जागा निवडून गाडी गिअरमध्ये ठेवावी आणि चाकांना दगड लावावेत. रिमला हात लावून पाहू नये. जवळ नेलेल्या हाताच्या पाठीला झळ लागते की नाही, एवढे पुरते.

ब्रेक ‘गेले’ म्हणजे नेमके काय गेले

पहिल्या गॅरेजने चालकाला एकच प्रश्न नीट विचारला असता, तर निदान तेथेच झाले असते: पेडल मऊ होते की कडक? पेडल खाली जाऊन गाडी थांबली नाही, तर दोष द्रवात, वाफेत, हवेत किंवा गळतीत शोधावा लागतो. पेडल नेहमीसारखे घट्ट राहिले, पण गाडी आवरेना, तर पॅड अति तापून त्यांची घर्षणक्षमता घटलेली असते. पेडल लाकडासारखे कडक होऊन फार जोर लावावा लागला, तर बूस्टरची, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या यंत्रणेची, मदत बंद झालेली असते. इंजिन बंद पडल्यावर दोन-तीन दाबांनंतर तसेच होते. जे अनुभवले ते या शब्दांत सांगता आले, तर मेकॅनिकचे निम्मे काम होते. म्हणून अशा प्रसंगानंतर सगळे आठवणीत ताजे असतानाच लिहून ठेवावे, असे मी आवर्जून सुचवतो.

त्या काही सेकंदांत चालकाने काय केले

चालकाने अनेक गोष्टी योग्य केल्या, आणि त्याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. पेडल भराभर दाबणे योग्यच होते. एबीएस असलेल्या गाडीत पेडल पंप करू नये, हा सल्ला पेडलला दाब मिळत असताना लागू पडतो. पेडल तळाला गेल्यावर तो लागू पडत नाही. त्यांनी एकेक करून खालचे गिअर घातले. चौथ्यातून एकदम पहिल्यात जाण्याचा प्रयत्न केला असता, तर गिअर न लागता गाडी न्यूट्रलवरच राहण्याचा किंवा चाके घसरण्याचा धोका होता. ऑटोमॅटिक गाडीत हेच काम खालच्या गिअरच्या खुणेवर किंवा हाताने गिअर कमी करण्याच्या सोयीवर दांडा नेऊन करता येते. हँडब्रेक त्यांनी बटण दाबून धरून हळूहळू ओढला, त्यामुळे मागची चाके एकदम जाम झाली नाहीत. केबलवर चालणारा हा ब्रेक द्रवावर अवलंबून नसल्यानेच तो काम करू शकला. केबल सैल नसती, तर गाडी बहुधा कठड्याला न लावताच थांबली असती. बटणावर चालणारा पार्किंग ब्रेक असलेल्या बहुतेक गाड्यांत ते बटण धावत्या गाडीत ओढून धरले, तर आणीबाणीचे ब्रेकिंग सुरू होते. आपल्या गाडीत ते कसे चालते, हे पुस्तिकेत आधीच वाचून ठेवणे गरजेचे आहे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्यांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केले नाही. तसे केले असते, तर स्टिअरिंगची मदत गेली असती, किल्ली काढली गेली असती तर स्टिअरिंग अडकले असते आणि इंजिन ब्रेकचा (खालच्या गिअरमध्ये इंजिनाने वेग रोखण्याचा) आधार राखण्याचा मार्गही अवघड झाला असता. समोरून येणाऱ्यांना सावध करण्यासाठी हॉर्न आणि चारही इंडिकेटर लावायचे मात्र राहून गेले.

उतरण्याची रीत

ज्या गिअरने तो डोंगर चढावा लागला असता, साधारण त्याच गिअरने किंवा त्याहून एक खालच्या गिअरने उतरावे, हा जुन्या चालकांचा आडाखा आजही उपयोगी आहे. गिअर उतार सुरू होण्यापूर्वी घालावा, वेग वाढल्यानंतर नव्हे. इंजिन नुसते गुरगुरते, म्हणून घाबरण्याचे कारण नाही. टॅकोमीटरचा काटा लाल पट्ट्याच्या खाली राहिला, तर इंजिनाला त्याचा त्रास होत नाही. वेग ठरवलेल्या मर्यादेपलीकडे जाऊ लागला, की ब्रेक ठामपणे लावून तो पुरेसा खाली आणावा आणि पाय पूर्णपणे उचलावा. पाय सतत हलका टेकवून ठेवण्याची सवय वाईट, कारण त्यात आपण किती ब्रेक वापरत आहोत, याचे भानच राहत नाही आणि मागून येणाऱ्यालाही दिव्यावरून आपला हेतू कळत नाही.

विद्युत गाड्या आणि हायब्रिड गाड्या उतारावर ऊर्जा बॅटरीत परत घेतात, त्यामुळे त्यांचे ब्रेक कमी तापतात. पण डोंगरमाथ्यावर बॅटरी पूर्ण भरून निघालात, तर ऊर्जा घ्यायला जागाच नसते आणि ही मदत घटते. अशा गाडीचे पॅड कमी झिजतात म्हणून ब्रेक ऑइलकडे दुर्लक्ष होण्याची शक्यताही तितकीच जास्त.

दुरुस्ती

गाडीतील सर्व ब्रेक ऑइल काढून चारही चाकांपर्यंत नवे, सीलबंद डब्यातील डॉट ४ भरले गेले आणि ब्रेकची हवा काढण्याचा क्रम उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे पाळला गेला. उघडून ठेवलेला अर्धा डबा वापरू नये, कारण त्याने ओलावा आधीच घेतलेला असतो. तसेच झाकणावर लिहिलेल्या प्रकाराखेरीज दुसरे ऑइल, विशेषतः खनिज तेल, घालू नये, कारण त्याने रबरी सील फुगून संपूर्ण व्यवस्था निकामी होऊ शकते. सिलिकॉनवर आधारलेले डॉट ५ हे नावाने डॉट ५.१ सारखे वाटले, तरी ते ग्लायकॉलच्या ऑइलमध्ये मिसळत नाही. हा द्रव रंगावर सांडल्यास रंग उखडतो, म्हणून तो लगेच पाण्याने धुवावा.

पुढच्या चाकांचे पॅड जोडीने बदलले गेले. निळसर पडलेली डिस्क आणि तिची जोडीदार डिस्कही बदलण्यात आली, कारण एका बाजूला जुनी आणि दुसऱ्या बाजूला नवी डिस्क ठेवल्यास गाडी ब्रेक लावताना एका अंगाला ओढू शकते. कॅलिपरच्या पिना साफ करून त्यांना उष्णता सोसणारे योग्य ग्रीस लावले गेले, फाटलेले रबरी आवरण बदलले गेले आणि मागचे ड्रम उघडून लायनर (ड्रमला घासणारे अस्तर) तपासल्यानंतर हँडब्रेकची केबल ताणण्यात आली. बहुतेक उत्पादक ब्रेक ऑइल दोन वर्षांनी, काही जण तीन वर्षांनी बदलण्यास सांगतात; या गाडीच्या पुस्तिकेत दोन वर्षे लिहिले होते. बदलल्याची तारीख बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवली गेली आणि तिच्याखाली पुढची तारीखही लिहिली गेली, किलोमीटरचा रकाना मुद्दाम रिकामा ठेवून. नवे पॅड बसेपर्यंत जोराचे ब्रेक टाळण्यास मालकांना सांगितले गेले आणि काही दिवसांच्या वापरानंतर हँडब्रेकचा ताण व कॅलिपरच्या पिनांची हालचाल पुन्हा तपासण्यासाठी गाडी परत बोलावण्यात आली.